मे महिन्यातली तिसरी घंटा

परीक्षा संपल्या की घरोघरच्या आयांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. आता दीड महिना या पोरांना गुंतवायचं कुठे? कुणी पोहायला जातं, कुणी क्रिकेटला, कुणी नाट्यशिबिराला. या शिबिरांत मुलं नेमकं करतात तरी काय? आणि काही मुलं तिथवर पोहोचतच का नाहीत?

सकाळचे नऊ वाजलेत. शाळेला सुट्टी लागून पंधरा दिवस झाले, तरी दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधून कलकलाट ऐकू येतोय. बाकं भिंतीला लावून ठेवलेली, मधोमध दोन सतरंज्या. वरचा पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करतोय. तीसएक पोरं हॉलभर चालताहेत. कुणी कमरेत वाकलेल्या म्हाताऱ्यासारखं, कुणी तापलेल्या वाळूवरून अनवाणी, कुणी डोक्यावर भरलेली घागर घेतल्यासारखं. मध्येच एक ताई टाळी वाजवते. सगळे जागच्या जागी पुतळे! एकाचा पाय हवेतच राहिलाय. तो डगमगतो, सावरतो आणि शेवटी धपकन पडतो. हशा पिकतो. पुन्हा चालणं सुरू.

मुंबई-पुण्यापासून नागपूर-कोल्हापूरपर्यंत एप्रिल-मे महिन्यांत हे दृश्य हमखास दिसतं. गाव बदलतं, शिबिर घेणारी संस्था बदलते. पंखा मात्र सगळीकडे तोच असावा, असा संशय येतो.

आणखी एक गोष्ट सगळीकडे सारखीच असते. पहिल्याच दिवशी दाराशी घुटमळणारी आई. मुलीची पाण्याची बाटली हातात देऊन झाली, पुन्हा एकदा वेणी सारखी करून झाली, तरी तिचा पाय निघत नाही. शेवटी ती धीर करून विचारते, ‘नाटक कधी आहे हो? आणि आमच्या पिंकीला काम कुठलं देणार?’

अजून नाटकच ठरलेलं नसतं!

पहिले आठ-दहा दिवस खरं तर नाटक नसतंच. असतात ते खेळ. दोघं समोरासमोर उभे राहतात. एकाने हलायचं, दुसऱ्याने त्याचा आरसा व्हायचं. सोपं वाटतं, पण पाच मिनिटांत घाम फुटतो. कारण आपण कसे दिसतोय हे विसरून समोरच्याकडे टक लावून पाहावं लागतं, आणि तेवढंच तर शिकायचं असतं. मग आवाजाचा सराव. डोळ्यांपुढे समईची ज्योत आणायची आणि तिच्यावर अशी फुंकर घालायची, की ज्योत हलेल पण विझणार नाही. मग शेवटच्या रांगेत बसलेल्या, कानांनी थोड्या कमी ऐकणाऱ्या आजीला ऐकू जाईल असं, पण न ओरडता बोलायचं. हे मोठ्या नटांनाही दर वेळी जमतं असं नाही.

मग निघतो दुपट्टा. साधा, जुना, सुती दुपट्टा. तो वर्तुळात फिरतो आणि प्रत्येकाने त्याचं काहीतरी वेगळं करायचं. तो नदी होतो, साप होतो, झोळीतलं बाळ होतो, पतंगाची शेपटी होतो. एखादं पोर त्याचं एक टोक उंच धरतं आणि दुसरं आपल्या मनगटाला लावून निजतं. सलाईनची नळी! त्या घरात नुकतंच कुणाचं तरी आजारपण झालंय, हे न सांगता कळतं. जाणती ताई असेल तर ती तिथे काही बोलत नाही. दुपट्टा पुढच्याच्या हातात देते. दुपारी डबा खाताना मात्र त्या मुलाशेजारी जाऊन बसते.

असं खेळता खेळताच नाटक उभं करायचं, ही पद्धत आता देशभर रुजली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ साली ऑक्टोबरमध्ये लहान मुलांसाठी स्वतंत्र नाट्यशाखा सुरू केली. पुढे ती ‘संस्कार रंग टोली’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या उन्हाळी कार्यशाळांत तयार संहिता मुलांच्या हाती देऊन पाठ करायला लावत नाहीत. मुलं आपसांत बोलतात, भांडतात, सुचवतात आणि त्यातून प्रसंग आकाराला येतात. तिकडे मैसूरला ‘रंगायण’मध्ये उन्हाळ्यात ‘चिन्नर मेळा’, म्हणजे चिमुकल्यांचा मेळा भरतो. रंगायण ही संस्था १९८९ मध्येच बी. व्ही. कारंत यांनी उभी केली. हे कारंत लहानपणी घरातून पळाले आणि गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत दाखल झाले होते. नाटकापायी घर सोडलेल्या त्या मुलाने उभ्या केलेल्या संस्थेत आता आईबाप आपल्या पोरांना स्वतः हाताला धरून आणून सोडतात!

आपल्याकडे मुलांचं नाटक म्हणजे बराच काळ शाळेच्या गॅदरिंगमधला शिवाजी किंवा प्रल्हाद. मुलांसाठी म्हणून रीतसर नाट्यगृहात, तिकीट लावून नाटक करायचं, ही कल्पना जोमाने पुढे आणली ती सुधा करमरकर यांनी. अमेरिकेत जाऊन त्यांनी बालरंगभूमी कशी चालते ते पाहिलं आणि १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. पहिलं नाटक होतं ‘मधुमंजिरी’. ते लिहिणारे रत्नाकर मतकरी तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, मतकरींनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. दिवसा बँक ऑफ इंडियात नोकरी आणि उरलेल्या वेळात राक्षस, पऱ्या, चेटकिणी! ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ ही नावं आज आजोबा झालेल्या मंडळींनाही नातवंडांइतकीच पाठ आहेत. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली होती. तेच नाटक २०१८ मध्ये नव्या संचात रंगभूमीवर आलं, तेव्हा आपल्या लहानपणीची चेटकीण नातवाला दाखवायला कितीतरी आजी-आजोबा थिएटरात आले.

पण पुन्हा शिबिराकडे वळू. कारण तिथे आता कसोटीचा दिवस उजाडलाय.

झाडाच्या आईचा फोन

शिबिराचा दुसरा आठवडा संपता संपता कामं वाटली जातात. त्या दिवशी हॉलमध्ये नेहमीचा कलकलाट नसतो. राजा कोण, राणी कोण, राक्षस कोण? राक्षसाला राजापेक्षा जास्त मागणी असते हे पालकांना खरं वाटणार नाही. पण मुलांचं गणित साफ असतं. राक्षसाला ओरडायला मिळतं, राजाला नुसतं बसायचं असतं.

आणि कुणाच्या तरी वाट्याला झाड येतं.

झाड झालेलं पोर एखादा दिवस हिरमुसतं आणि विसरतं. त्याची आई विसरत नाही. रात्री ताईकडे फोन जातो. ‘फी तर सगळ्यांनी सारखीच भरलीय ना? मग आमच्या मंदारला एकही वाक्य नाही?’ आता तिला काय सांगावं? शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये अख्खं जंगल चालून येतं आणि राजाचं राज्य जातं, हे सांगून काही उपयोग नसतो. तिने शेजारणीला, नणंदेला, ऑफिसातल्या बाईंना शोचं आमंत्रण देऊन ठेवलेलं असतं.

खरी गोष्ट अशी, की वीस-पंचवीस मिनिटं हात वर करून, नाकावर डास बसला तरी न हलता उभं राहायला नऊ वर्षांच्या मुलाला शिकवणं हे राजाला दहा वाक्यं पाठ करून घेण्यापेक्षा अवघड असतं. आणि झाडाचा एक फायदा असतो. ते सगळ्या तालमी रंगमंचावरून बघतं. सगळ्यांची वाक्यं त्याला आपोआप पाठ होतात. शोच्या आदल्या दिवशी राजपुत्राच्या अंगावर कांजिण्या उठल्या, की दादा-ताई आधी झाडाकडे बघतात.

याच सुमारास दुसरं संकट येतं ते मामाच्या गावाचं. लग्नाच्या तिथी, आजोळ, कोकणातला आंबा, आधीच काढलेली रेल्वेची तिकिटं! एका सकाळी हजेरी घेतली तर प्रधानजी रत्नागिरीला गेलेले आणि दोन वानरं कऱ्हाडला. मग कामं बदला, वाक्यं इकडची तिकडे करा, वानरसेना निम्मी करा. बाहेरून बघणाऱ्याला हा सावळागोंधळ वाटतो. पण ज्याच्यावाचून अडतं, त्याने न येणं म्हणजे काय असतं, हे मुलांना इथे पहिल्यांदा कळतं. वर्गात एक मुलगा गैरहजर राहिला तर बाक रिकामं राहतं, एवढंच. इथे एक वानर आलं नाही तर सेतू पुरा होत नाही.

संध्याकाळी हॉलचा कारखाना होतो. मैद्याची खळ शिजवली जाते. पुठ्ठ्याचे मुकुट, सोनेरी कागदाच्या तलवारी, सुतळीच्या जटा, नारळाच्या शेंड्यांची दाढी. आईची जुनी साडी राणीच्या अंगावर आणि आजोबांचं धोतर ऋषीच्या. पैसे कमी आहेत म्हणून हे करायचं असतंच, पण तेवढ्यासाठीच नाही. स्वतः चिकटवलेला मुकुट मुलं जपून वापरतात, भाड्याने आणलेला बसल्या जागी मोडतात! मतकरी तर लेखन-दिग्दर्शनाबरोबर नेपथ्यही स्वतःच करत, हातात ब्रश घेऊन पडदे रंगवत. पदराला खार लावून एका माणसाने वर्षानुवर्षं मुलांचं नाटक चालवलं ते अशा हातकामावर.

आवाज फुटतो तेव्हा

मुलांच्या नाटकाला एक रोग जडलेला असतो. त्यावर औषध नाही. मुलं मोठी होतात! गेल्या मेमधला गोड गळ्याचा राजपुत्र या मेमध्ये येतो तो पायजमा घोट्यावर गेलेला, ओठावर लव आणि आवाज फाटका. बोलायला लागला की मध्येच बासरी, मध्येच भोंगा. सगळे हसतात. तोही हसतो, पण त्याचे कान लाल झालेले असतात.

पुण्यात ‘ग्रिप्स’ नाटकांनी यावर वेगळाच मार्ग धरला. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरच्या धर्तीवर डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर अकादमीच्या मंडळींनी १९८६ पासून ही नाटकं मराठीत आणली. त्यांतलं ‘छान छोटे वाईट मोठे’ हे नाव तर मुलांच्या बोलण्यातच जाऊन बसलं. या नाटकांत लहान मुलांची कामं मोठी माणसं करतात. पऱ्या नाहीत, राक्षस नाहीत. आईबाबांची भांडणं, शेजारच्यांची कटकट, खेळायला न उरलेली जागा, असे मुलांच्या रोजच्या जगण्यातले विषय असतात. प्रेक्षकांतली मुलं हसता हसता शेजारी बसलेल्या आपल्या बाबांकडे तिरप्या नजरेने बघतात.

शिबिरवाल्यांकडे मात्र ही सोय नसते. त्यांना आवाज फुटलेल्या त्या मुलाचं काहीतरी करावंच लागतं. आणि अनुभवी संस्था इथेच ओळखू येतात. त्या त्याला घरी पाठवत नाहीत, विंगेत उभा करतात. चौदा-पंधरा वर्षांचा हा ‘बाद’ राजपुत्र प्रॉम्प्टिंगची वही धरतो, दिव्यांच्या डिमरवर बसतो, ढोलकीवर थाप मारतो. छोट्यांना ओळीत उभं करून, तोंडावर बोट ठेवून गप्प बसवतो. हे तर नाटकातलं सर्वांत कठीण काम! पंधरा दिवसांत पोरं त्याला ‘दादा’ म्हणू लागतात. घरात ज्याला कुणी भाजी आणायलाही धड पाठवत नाही, त्याच्या ताब्यात इथे अख्खा दुसरा अंक असतो.

दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल मराठी प्रायोगिक नाटकाचं घर म्हणून ओळखला जातो. १९७४ पासून तिथे ‘आविष्कार’ने जे घडवलं, ते नाट्यवेड्यांना ठाऊक आहे. त्याच शाळेत शिक्षिका असलेल्या सुलभा देशपांडे यांनी मुलांसाठी ‘चंद्रशाळा’ चालवली, हे मात्र बाहेर कमी बोललं जातं. चंद्रशाळेचं ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य म्हणजे रंगमंचभर मुलंच मुलं. एवढी फौज सांभाळायची तर मोठ्या मुलांनी लहानांना सांभाळण्यावाचून गत्यंतरच नसतं.

हा ‘दादा’ शिबिरात येईनासा होतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. नववीचा निकाल लागायच्या आत दहावीच्या व्हेकेशन बॅचेस सुरू होतात. पालकांना दोष तरी कसा द्यायचा? मार्कांवर पुढचं सगळं अवलंबून, हे त्यांना दिसतंच. तरी जो मुलगा कालपर्यंत तीस जणांना आवरत होता, तो आज साठ जणांत शेवटच्या बाकावर बसून गणितं उतरवून घेतो, तेव्हा काहीतरी चुकतंय एवढं नक्की वाटतं.

पायऱ्यांवर बसलेली

आता थोडं कडू बोलायला हवं. हॉलचं भाडं, साहित्य, शोसाठी थिएटरचा खर्च, शिकवणाऱ्यांचं मानधन हे सगळं फीमधूनच निघणार. फी वाढली की शिबिरातली मुलं एकाच सोसायटीतली, एकाच थरातली दिसू लागतात. त्यात टीव्हीची भर पडली. २००८-०९ मध्ये ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ने पाच मुलांना घराघरांत नेलं. त्या मुलांचं गाणं खरोखरच सुरेख होतं. पण त्यानंतर ‘आमच्या मुलाला टीव्हीसाठी तयार करा’ म्हणणाऱ्या आईबापांना नवं बळ आलं. काही ठिकाणी पंधरा दिवसांत नाटक, नाच, अँकरिंग आणि ऑडिशन अशी सगळी एकत्र थाळी मिळू लागली.

अशा हॉलच्या पायऱ्यांवर कधी कधी दोन-तीन पोरं बसलेली दिसतात. शाळेच्या शिपायाची, नाहीतर समोर इस्त्रीचं टेबल लावणाऱ्याची. त्यांना आतली गाणी पाठ असतात. एखादी ताई त्यांना आत घेते, एखादी दार लोटून घेते.

या पायरीवरच्या मुलांकडे मतकरींचं लक्ष गेलं ते वयाच्या पंचाहत्तरीत. पुरस्कार झाले होते, पुस्तकांची रांग लागली होती, आराम करायला कुणाची ना नव्हती. ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेला बरोबर घेऊन २०१४ मध्ये त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. झोपडवस्त्यांतल्या मुलामुलींनी मोठ्यांचं नाटक पाठ करून दाखवायचं नाही. आपल्याच जगण्यातला विषय घ्यायचा, आपणच लिहायचं, आपणच बसवायचं. भारी नेपथ्य नाही, महागडे कपडे नाहीत. राजवाडे आणि चेटकिणी ज्यांनी आयुष्यभर रंगवल्या, त्या माणसाने या मुलांच्या हाती एकही तयार चेटकीण दिली नाही, हे लक्षात घेण्याजोगं आहे. या मुलांना जे सांगायचं होतं, ते त्यांच्यापाशी होतंच.

गुजरातेत हे थोडं आधी घडलं होतं. अहमदाबादच्या छारानगरात छारा समाजाची वस्ती आहे. महाराष्ट्रातले कंजारभाट हे त्यांचेच भाऊबंद. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांतली ही एक. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, लोकांच्या मनातून नाही. १९९८ मध्ये महाश्वेता देवी आणि मूळचे भोरचे गणेश देवी यांच्या प्रयत्नांतून तिथे वाचनालय सुरू झालं आणि त्याच वर्षी वस्तीतल्या तरुण मुलांनी बंगालमधल्या बुधन शबरच्या कोठडीतल्या मृत्यूवर नाटक उभं केलं. तेच ‘बुधन थिएटर’. ज्यांना दुकानात शिरताना मालक गल्ल्यावर हात ठेवतो, त्या मुलांकडे प्रेक्षक तासभर नजर न हलवता बघत राहिले. वाचनालय आणि नाटक, दोन्ही वस्तीतल्या मुलांनीच पुढे चालवलं.

मे २०२० मध्ये कुठल्याच शाळेचा हॉल उघडला नाही. करोनाची टाळेबंदी होती. शिबिरं मोबाईलच्या पडद्यावर भरली. आरशाचा खेळ तिथे जमेना, कारण समोरच्याची हालचाल पोहोचेपर्यंत उशीर होई आणि मध्येच चित्र गोठून जाई. पुतळ्यांच्या खेळात तेवढं ते खपून गेलं. त्याच महिन्याच्या १७ तारखेला मतकरी गेले. करोनानेच. एरवी त्या दिवसांत त्यांच्या नाटकांच्या गाण्यांनी किती हॉल दुमदुमलेले असते!

हॉल पुन्हा उघडले, पंखे पुन्हा कुरकुरू लागले. आणि आता शोचा दिवस आलाय.

बालनाट्याला थिएटर मिळतं ते बहुधा मोठ्यांना नको असलेल्या वेळी. सकाळी नऊला, नाहीतर दुपारच्या रणरणत्या उन्हात. मेकअप रूममध्ये पावडर आणि घामाचा मिळून एक चिखल झालेला. राक्षसाला ऐन वेळी शू लागते. राणीचा एक झुमका सापडत नाही. पहिली घंटा होते. पडद्याच्या फटीतून प्रत्येकाला आपली माणसं शोधायची असतात. दुसरी घंटा. ‘दादा’ बोट तोंडावर ठेवून ओळीवरून फिरतो. तिसरी घंटा होते आणि पडदा जातो.

काय काय चुकतं! प्रधान दुसऱ्या अंकातलं वाक्य पहिल्याच अंकात बोलून मोकळा होतो. राजाची मिशी एका बाजूने सुटून लोंबू लागते. राजा घाबरून गप्प उभा राहतो. विंगेतून प्रॉम्प्टिंग होतं, ते तिसऱ्या रांगेला ऐकू जातं, राजाला जात नाही. तेवढ्यात डावीकडचं झाड ओठ न हलवता, हळूच त्याला वाक्य सांगतं. राजा बोलू लागतो. प्रेक्षकांतल्या कुणाच्याही ते लक्षात येत नाही. झाडाच्या आईच्या मात्र येतं. ती शेजारणीचा हात दाबते.

खेळ संपल्यावर खोबरेल तेल आणि कापसाचे बोळे निघतात. तोंडं पुसली जातात, कानामागचा रंग तसाच राहतो. रडारड होते, फोन नंबर लिहून घेतले जातात. बाहेर आभाळ भरून आलेलं असतं. शाळा सुरू व्हायला दहा दिवस उरलेत, वह्यांना कव्हरं घालायचीत. ‘दादा’ आणि ताई मागे थांबून मुकुट, जटा, वानरांची शेपटं मोजून ट्रंकेत भरतात. एक शेपूट कमी भरतं. कुणीतरी ते घरी नेलंय. ताई वहीत लिहून ठेवते, ‘शेपूट १, येणे’, आणि ट्रंकेला कुलूप घालते.